पिंपळावर अडकलेलं वय

७ जून २०२४ रोजी ‘मुंज्या’ हा चित्रपट आला आणि बघता बघता त्याचा गल्ला शंभर कोटींच्या पुढे गेला. गोष्ट कोकणातली, कुटुंब मराठी, आजीच्या भूमिकेत सुहास जोशी, दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. भाषा तेवढी हिंदी. बिट्टू हा पुण्यातला बुजरा मुलगा आईच्या ब्यूटी पार्लरमध्ये तिच्या हाताखाली काम करतो. बेला नावाच्या मैत्रिणीवर त्याचा जीव आहे, पण तिच्यापुढे त्याला शब्द फुटत नाही आणि आईपुढे तर त्याहून नाही. कोकणातल्या मूळ गावी जातो काय आणि आजीच्या भावाचं भूत त्याच्या मानगुटीवर बसतं काय! भूत पोरवयाचं, हट्टी, आणि त्याला लग्न करायचंय. ते इतरांना दिसत नाही. चारचौघांत हवेशी हुज्जत घालणाऱ्या बिट्टूची जी तारांबळ उडते, तिला सगळं थिएटर हसतं. त्या भुताशी दोन हात करता करता हा मुलगा स्वतःच्या पायांवर उभा राहतो.

जादू, हसू आणि वयात येणं या तिन्ही गोष्टी आजच्या काळात, आपल्या मुलखात एकत्र आणणारी इतकी यशस्वी कथा मला दुसरी आठवत नाही. मी डोलवीच्या बाजूचा, पेण तालुक्यातला. गिऱ्हा, चकवा, मुंजा ही आमच्याकडे रोजच्या बोलण्यातली नावं. त्यामुळे ‘मुंज्या’ पाहिल्यापासून एक प्रश्न मनातून जात नाही. इतका ऐवज आपल्या घरात असताना अशी गोष्ट मराठीत, मराठी मुलांसाठी, पुस्तकातून आणि पडद्यावरून याआधीच का आली नाही? तो प्रश्न घेऊन मराठीतली जादूची वाट जमेल तेवढी मागेपुढे चालून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी मुंजाचंच बघू. मुंज झाली, पण सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, तर तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो, अशी समजूत. हडळ किंवा खवीस म्हटलं की अंगावर काटा येतो, मुंजाचं तसं नाही. तो खडे मारतो, वाट अडवतो, रात्री पाराजवळून जाणाऱ्याची फजिती करतो. त्याच्या खोड्या शाळकरी पोराच्या आहेत. धड लहान नाही, धड मोठा नाही, अशा अडनिड्या वयात काळ थांबलेला हा मुलगा. बारा ते सतरा या वयाची सगळी तगमग आपल्या लोकांनी एका भुतात कोंबून ठेवली आहे. आवाज फुटलेला, मोठ्यांच्यात कुणी घेत नाही, लहानांत बसवत नाही, आणि मनातलं सांगायला माणूस नाही. जगातल्या कुठल्याही लेखकाला हेवा वाटावा असं हे पात्र आहे. आपण मात्र त्याला शेंदूर लावला, नारळ फोडला आणि पुढे गेलो.

मराठीत वयात येण्याच्या गोष्टी कमी आहेत असं कुणी म्हणणार नाही. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, तेव्हापासून ही परंपरा अखंड आहे. प्रकाश नारायण संतांचा लंपन ‘वनवास’मधून आला आणि ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ या पुस्तकांतून आपल्या डोळ्यांदेखत वाढत गेला. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’तला मुकुंद जोशी चाळिशी ओलांडलेल्या वाचकालाही नववीच्या वर्गात नेऊन बसवतो. ‘किल्ला’ चित्रपटातला वडील गमावलेला मुलगा कोकणातल्या पावसात एकटा पडतो आणि हळूहळू सावरतो. सगळी अव्वल दर्जाची कामं. पण यांतल्या एकातही जादूचा कण नाही. ती पक्की वास्तववादी आहेत.

जादूच्या गोष्टींचाही तोटा नाही. मात्र त्यांतली मुलं वाढत नाहीत. राक्षस मरतो, राजकन्या सुटते, आणि नायक पहिल्या पानावर जेवढा होता तेवढाच शेवटच्या पानावर असतो. मोठं होणं एका काठावर, जादू दुसऱ्या काठावर, आणि मध्ये होडीच नाही. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे.

मुळात असं नव्हतं. आळंदीच्या चार भावंडांची कथा आठवा. आईवडील नाहीत, गावाने वाळीत टाकलेलं, शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंतची पायपीट. तिथे रेड्याच्या तोंडून वेद वदवले, मुक्ताईच्या मांड्यांसाठी ज्ञानदेवांनी पाठ तापवली, वाघावर बसून आलेल्या चांगदेवांना सामोरं जायला भिंत चालवली, अशा कथा घराघरांत सांगितल्या गेल्या. वारकऱ्यांच्या लेखी त्या श्रद्धेच्या आहेत आणि ती श्रद्धा मला मोलाची वाटते. पण गोष्ट म्हणून ऐकतानाही त्यांची बांधणी थक्क करते. चौदाशे वर्षं जगलेला, सिद्धींचा डोंगर रचलेला योगी पत्र लिहायला बसतो आणि मायना काय लिहावा हेच त्याला सुचत नाही. वयाने लहान म्हणून आशीर्वाद द्यावा, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार करावा? शेवटी तो कोरा कागदच धाडतो. तो पाहून मुक्ताई म्हणते की एवढं आयुष्य जगून हा कोराच राहिला. ऐकणारे आजही इथे खुदकन हसतात. चौदाशे वर्षांच्या म्हाताऱ्याला वाढायचं राहून गेलंय आणि झोपडीतली पोर त्याची गुरू होते. जादू आहे, विनोद आहे, आणि वयाचा जिना चढण्याची खरी गोष्टही आहे. ‘ज्ञानेश्वरी’चा काळ १२९०, संजीवन समाधी १२९६. म्हणजे या तिन्ही धाग्यांची वीण आपल्याकडे किती जुनी आहे पाहा.

श्रावणातल्या कहाण्या त्याच वाटेवरच्या. आटपाट नगरातल्या त्या गोष्टींत चमत्कार कधी फुकट मिळत नाही. वसा घ्यावा लागतो, तो पाळावा लागतो, चुकला तर सोन्याची माती होते. अट आणि किंमत हा जादूच्या गोष्टीचा कणा असतो, हे आपल्या आज्यांना कुठल्याही लेखन कार्यशाळेशिवाय ठाऊक होतं.

छापील मराठीनेही सुरुवातीलाच जादूचा हात धरला. १८१४ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यात ‘सिंहासन बत्तिशी’ मराठीत निघाली. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या आणि ते काम विष्णुशास्त्र्यांनी पुढे नेलं. तीन पिढ्यांनी जादूचे दिवे आणि उडते गालिचे तिथूनच घेतले. १९५२ मध्ये ‘चांदोबा’ मराठीत आला. मद्रासहून येणाऱ्या त्या मासिकात खांद्यावर प्रेत टाकून, उपसलेली तलवार हातात धरून चालणाऱ्या विक्रमाचं चित्र असायचं, आणि ते पाहण्यासाठी गावोगावच्या वाचनालयांत मुलांची झुंबड उडायची. पण हे सगळं राजेरजवाड्यांच्या काळातलं. वेताळ कधी एसटी स्टँडवर आला नाही.

ज्यांनी आजच्या काळातला मराठी मुलगा नायक केला, त्यांनी जादूला दाराबाहेर ठेवलं. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा, पुण्याच्या शाळेत शिकणारा, काटकुळा आणि चपळ. त्याची जीभ टाळ्याला लागली की वाचक सावरून बसतो. फेणेच्या जगात जे भुताटकीचं वाटतं, त्यामागे बहुधा कुणीतरी लबाड माणूस असतो. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत मुलांना विज्ञाननिष्ठ करायचं होतं, भागवतांनी त्यासाठी जूल व्हर्नही मराठीत आणला. त्या पिढीचा तो निर्णय योग्यच होता आणि त्याचे उपकार मोठे आहेत. फक्त त्यात एक गोष्ट हातून निसटली. भुताला भिऊ नये हे शिकवताना, भुताशी खेळता येतं हे शिकवायचं राहिलं.

खेळायला शिकवलं ते बालरंगभूमीने. सुधा करमरकर अमेरिकेत बालनाट्याचा अभ्यास करून परतल्या आणि १९५९ मध्ये लिटिल थिएटरतर्फे त्यांनी ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं. नाटक लिहिलं होतं तरुण रत्नाकर मतकरींनी. पुढे मतकरींचं ‘निम्मा शिम्मा राक्षस’ आलं, ‘अलबत्या गलबत्या’ आलं. ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली आणि २०१८ मध्ये नाटक पुन्हा उभं राहिलं तेव्हा ती वैभव मांगले यांनी केली. दोन्ही वेळा मुलं तिला घाबरली नाहीत, उलट तिच्याच प्रेमात पडली. मंचावरून चेटकीण प्रेक्षागृहात उतरते तेव्हा पहिल्या रांगेतली पोरं खुर्चीवर पाय वर घेतात आणि तिसऱ्या रांगेतली तिला हात लावायला धावतात. भीती आणि हसू यांची सीमारेषा त्या दोन रांगांच्या मधून जाते. मतकरी मोठ्यांसाठी गूढकथा लिहीत, तिथे ते वाचकाची झोप उडवत. मुलांसाठी तीच अंधारातली पात्रं ते उजेडात आणून नाचवत. दोन्ही कामं एकाच माणसाने इतक्या ताकदीने केल्याचं उदाहरण विरळा. मात्र हे बालनाट्य आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी होतं, आणि गूढकथा वडीलमाणसांसाठी. तेरा वर्षांच्या पोराने कुठे बसायचं?

तो बसला लक्ष्याच्या शेजारी. मराठी चित्रपटातल्या जादूचा इतिहास लिहायचा तर त्याच्या मध्यभागी लक्ष्मीकांत बेर्डे आहेत. त्याआधी १९८२ मध्ये ‘एक डाव भुताचा’ आला होता. शिवकाळातल्या खंडोजी फर्जंदाचं भूत, म्हणजे अशोक सराफ, आणि त्याला भेटलेला साधाभोळा मास्तर, म्हणजे प्रभावळकर. तो चित्रपट मला फार प्रिय आहे, कारण त्यातल्या भुताला माणसाची माया आहे. मग १९९० मध्ये महेश कोठारेंचा ‘धडाकेबाज’ आला. बाटलीत राहणारा इवलासा गंगाराम आणि समोर कवट्या महाकाळ. तीन वर्षांनी ‘झपाटलेला’.

‘झपाटलेला’वर थोडं थांबायला हवं. मरणाच्या दारात पोचलेला गुंड तात्या विंचू, बाबा चमत्काराकडून मिळवलेल्या मंत्राने आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. हा धागा परदेशी भयपटातला आहे, हे सगळे जाणतात. कोठारेंनी तो धागा जिथे आणून बांधला, तिथे खरं कसब दिसतं. बाहुला येतो तो श्रीरंगपूर नावाच्या मराठी गावात, पोलीस चौकी, देऊळ आणि गावचा बाजार यांच्या मधोमध. तो घडवला आणि बोलता केला रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील य. के. पाध्ये यांनी अर्धवटराव जन्माला घातला, तेव्हापासून महाराष्ट्राला बोलक्या बाहुल्यांचा लळा आहे. म्हणून तात्या विंचू परका वाटला नाही, आपल्याच घरातला वाया गेलेला पोरगा वाटला. त्याला अटही आहे. बाहुल्याच्या देहातून सुटायचं तर ज्याला त्याने आपलं गुपित पहिल्यांदा सांगितलं, त्याच माणसाच्या शरीरात त्याला शिरावं लागेल. तो माणूस म्हणजे लक्ष्या. श्रावणातल्या कहाणीइतकीच सोपी आणि घट्ट अट. सगळा विनोद आणि सगळी भीती त्या एका अटीतून निघते.

आणि लक्ष्या कोण? आईच्या पदराआडचा, बाहुल्यांशी बोलणारा, भुताच्या नावाने थरथरणारा, प्रेमात गोंधळलेला. ही सगळी लक्षणं पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची. बेर्डे त्या वेळी चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. त्यांच्या निरागस चेहऱ्याने आणि विजेसारख्या अंगाने ते निभावून नेलं, आणि थिएटरातला प्रत्येक शाळकरी मुलगा त्यांच्यात स्वतःला पाहत होता. मराठी पडद्यावर किशोरवयीन नायकाची जागा रिकामी होती. ती एका प्रौढ नटाने दहा-बारा वर्षं एकट्याने भरून काढली. १६ डिसेंबर २००४ रोजी ते गेले आणि जागा पुन्हा रिकामी झाली.

मधल्या काळात पुस्तकांच्या दुकानात दुसराच मुलगा येऊन बसला होता. कपाळावर विजेची खूण, डोळ्यांवर गोल चष्मा. बाळ ऊर्ध्वरेषे यांच्या अनुवादातून ‘हॅरी पॉटर आणि परीस’ मराठी मुलांच्या हाती पडलं. अकराव्या वर्षी जादूच्या शाळेत जाणारा तो अनाथ पोरगा पुस्तकागणिक एक वर्षाने वाढतो. त्याला मिसरूड फुटते, तो चिडतो, मित्राशी अबोला धरतो, मुलीशी बोलताना गडबडतो. वाचकही त्याच्याबरोबर वाढतो. आपल्या मुलांनी त्याला डोक्यावर घेतलं याचं मला समाधान वाटतं. जाडजूड पुस्तक हातात धरून बसलेलं मूल कुठल्याही भाषेतलं असो, ते पाहायला बरंच वाटतं. पण तिथली शाळा किल्ल्यात आहे, बर्फ पडतो, घुबडं टपाल आणतात. ती जादू सुटीत जाऊन परत येण्याच्या देशातली. आपल्या नाक्यावरची नव्हे.

जपानी लोकांनी हे वेगळ्या तऱ्हेने साधलं. ‘किकी’ ही एइको कादोनो यांची तेरा वर्षांची चेटकीण. रीतीप्रमाणे घर सोडून अनोळखी शहरात राहायला येते आणि झाडूवर बसून लोकांच्या घरी सामान पोचवण्याचा धंदा काढते. हायाओ मियाझाकी यांनी १९८९ मध्ये तिचा चित्रपट केला. त्यात एके दिवशी तिला उडताच येईनासं होतं. शाप नाही, शत्रू नाही, नुसतं मन खचलेलं. वयात येणाऱ्या मुलीची ती निराशा जादूच्या भाषेत जितकी नेमकी सांगता आली, तितकी एखाद्या समुपदेशकाच्या पुस्तकात सापडणार नाही.

त्याहून जवळचं उदाहरण बंगालचं. शीर्षेंदु मुखोपाध्याय यांनी किशोरांसाठी कादंबऱ्यांची एक अख्खी मालिका लिहिली. ‘गोसाईंबागानेर भूत’मधल्या बुरुनला गणितात तेरा गुण मिळतात. घरात कुणी त्याच्याशी धड बोलत नाही. रानात त्याला निधिराम नावाचं भूत भेटतं आणि भूत घाबरवायला जातं तर हा पोरगा घाबरतच नाही, कारण तेरा गुणांपुढे भुताचं काय भय! छोट्या गावातली माणसं, चोर, पहिलवान, वैद्य, शास्त्रज्ञ आणि भुतं, सगळी एकाच पंगतीला. बंगालीत अशा लेखनाला दरवर्षी हक्काचं घर आहे. ‘आनंदमेला’सारख्या नियतकालिकांचे पूजा अंक किशोरांसाठी पूर्ण लांबीच्या कादंबऱ्या छापतात आणि बंगालचे पहिल्या फळीचे लेखक त्या लिहितात.

आपल्याकडे दिवाळी अंक आहेत. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची अखंड परंपरा. मुलांचेही दिवाळी अंक निघतात. त्यांत कविता असतात, कोडी असतात, छोट्या मुलांच्या गोष्टी असतात. पंधरा वर्षांच्या वाचकाने दोन दिवस खाणंपिणं विसरून वाचावी अशी जादूची लांब कथा मात्र मी त्यांत वर्षानुवर्षं शोधतो आहे.

ती कुठे घडू शकते? मला विचाराल तर मी डोलवीला बोट दाखवीन, आणि त्यात गावाचा अभिमान थोडाच आहे. मुंबई–गोवा रस्त्याने पेण सोडलं की वडखळचा नाका लागतो, तिथून अलिबागचा रस्ता फुटतो, आणि जरा पुढे डोलवी. एका अंगाला पोलादाचा कारखाना. नव्वदच्या दशकात इस्पातने उभा केलेला, २०१० मध्ये जेएसडब्ल्यूकडे गेलेला, आता वर्षाला १ कोटी टनांची क्षमता असलेला. झोतभट्टीतून सुमारे १,५०० अंशांचं वितळलेलं लोखंड बाहेर पडतं. दुसऱ्या अंगाला अंबा नदी आणि धरमतरची खाडी. धक्क्याला बार्ज लागतात, त्यांतून खनिज आणि कोळसा उतरतो. आणि त्याच खाडीत, जुने लोक सांगतात, गिऱ्हा राहतो.

गिऱ्हा हे आमच्या खाडीचं खास भूत. रात्री एकट्या मासे मारणाऱ्याला हाक मारतं, ओळखीच्या माणसाचं रूप घेतं, चिखलात फिरवत ठेवतं. पण त्याचे केस ज्याच्या हाती लागले त्याचा तो चाकर होतो, सांगितलेली कामं करतो, आणि केस परत मिळाले की निघून जातो. या एका समजुतीत कादंबरी भरलेली आहे. अट आहे, किंमत आहे, मालक-चाकराचं नातं आहे, सुटकेची ओढ आहे. आता असा मुलगा मनात आणा की ज्याचे आजोबा खाडीत जाळं टाकत, बाप कारखान्यात ठेकेदाराकडे पाळी करतो, आणि तो स्वतः आयटीआयला आहे. त्याच्या हाती गिऱ्ह्याचा केस लागला तर तो काय मागेल? प्रकल्पग्रस्ताचा दाखला? गेटपास? दहावीतला राहिलेला इंग्रजीचा पेपर? आणि शंभर वर्षं खाडीतच राहिलेल्या त्या बिचाऱ्या भुताला दाखला म्हणजे काय हे कोण समजावणार? भूत तहसील कचेरीत रांगेत उभं आहे, ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ करत आपल्या आगरी बोलीत कारकुनाशी बोलतंय, आणि कारकून सांगतोय की रहिवासाचा पुरावा आणा. हसू इथे आपोआप फुटतं. पण पुढे कधीतरी त्या मुलाला कळतं की आपण एका जिवाला बांधून ठेवलंय, जसं आपल्या बापाला कुणी बांधून ठेवलंय. तो केस परत करायचा की नाही, हे ठरवण्याच्या रात्री तो मोठा होतो.

मुलीची गोष्टही इथेच आहे, आणि ती जास्त निकडीची आहे, कारण आपल्या जादूच्या कथांत नायक बहुतेक मुलगेच असतात आणि मुलींच्या वाट्याला परी किंवा चेटकीण एवढंच येतं. पेणजवळ हमरापूर, जोहे या गावांत घरोघरी गणपतीचे कारखाने. साच्यातून मूर्ती निघते, वाळते, तिला पांढरा हात बसतो, अंगाचा रंग होतो, पितांबर, मुकुट, दागिने होतात. आणि तरी ती मूर्ती अजून मातीच असते. मग आखणी करणारा कारागीर बसतो. बारीक कुंचला, करंगळीचा टेका, श्वास रोखलेला. आधी डोळ्यांची कड, मग बुबुळ, मग त्यात पांढऱ्याचा एक ठिपका. तो ठिपका पडतो त्या क्षणी मूर्ती आपल्याकडे पाहू लागते. शेडमध्ये शेकडो गणपती ओळीने मांडलेले असतात, काहींना दृष्टी आलेली, काही अजून वाट पाहणारे. आखणीचा हात एखाद्या चौदा वर्षांच्या मुलीला लाभला आणि तिने काढलेले डोळे खरोखरच पाहू लागले तर? ती काय काय पाहील, कोणाकोणाचं पाहील, आणि पाहिलेलं किती बोलून दाखवील? माझ्या लेखी हे कुठल्याही जादूच्या छडीपेक्षा बळकट बीज आहे.

रोह्याला गेलात तर आणखी एक गोष्ट मिळेल. तिथल्या ग्रामदैवताला, धावीर महाराजांना, दसऱ्याच्या सुमाराच्या पालखी सोहळ्यात पोलीस सशस्त्र सलामी देतात. देव आणि सरकारी गणवेश समोरासमोर उभे राहतात आणि कुणालाच त्यात विसंगती वाटत नाही. जुनं आणि नवं एकाच अंगणात नांदवण्याची ही सवय आपल्याला आहे. कल्पित कथेला जमीन लागते ती हीच.

इथे एक शंका कुणीही घेईल आणि ती रास्त आहे. महाराष्ट्रात भोंदूबाबांनी माणसं नाडली, चेटकीण ठरवून बायकांना छळलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. अशा राज्यात मुलांना जादूच्या गोष्टी द्यायच्या का? माझं उत्तर ठाम होय असं आहे. भोंदूगिरी जगते ती भीतीवर आणि गुप्ततेवर. तिथे हसायला बंदी असते. विनोदी अद्भुतकथेत भूत पाय घसरून पडतं, मांत्रिक मंत्र विसरतो, शापाला पळवाट निघते. ज्या मुलीने मतकरींच्या चेटकिणीला टाळ्या दिल्या, तिला पुढे कुणी ‘ती बाई करणी करते’ म्हणून सांगितलं, तर ती सहज विश्वास ठेवणार नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कार करून दाखवतात आणि लगेच त्यामागची हातचलाखी उलगडतात, तेव्हा तेही गर्दीला आधी हसवतात, हे त्यांचे कार्यक्रम पाहणाऱ्याला ठाऊक आहे. लेखकाने मात्र एक पथ्य पाळायला हवं. गोष्टीतल्या जादूने आजार बरा होऊ नये, परीक्षा पास होऊ नये, कुणाचा सूड उगवू नये. बुरुनचं गणित शेवटी बुरुनलाच करावं लागतं.

सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला जेवढं दिसतं तेवढं सांगतो. आपण बालसाहित्याला संस्काराचं काम दिलं आणि मोठ्यांच्या साहित्याला वास्तवाचं. अद्भुताला दोन्हीकडे पाहुण्यासारखं वागवलं. विंदा करंदीकरांनी ‘एटू लोकांचा देश’ लिहिला तो १९६३ मध्ये, आणि मर्ढेकरांनंतरच्या त्या गंभीर काळात एवढा मोठा कवी मुलांसाठी इतका मनमुराद वेडेपणा करू शकला, याचं आजही नवल वाटतं. पण तो मार्ग पुढे रुंद झाला नाही. नारायण धारपांनी ‘समर्थ’कथांतून अद्भुताचा मोठा वाचकवर्ग घडवला, तरी समीक्षेने त्यांना बराच काळ ओसरीवरच बसवलं. किशोरवयीन वाचक तर कुणाच्याच हिशेबात नव्हता.

चित्र बदलतं आहे, तेही खरं. ज्या सरपोतदारांनी ‘मुंज्या’ केला, त्यांनीच २०१७ मध्ये ‘फास्टर फेणे’ पडद्यावर आणला आणि २०२२ मध्ये ‘झोंबिवली’त डोंबिवलीच्या गृहसंकुलात झोंबी सोडले. भागवतांचा फेणे, डोंबिवलीचे झोंबी आणि कोकणातला मुंजा एकाच दिग्दर्शकाच्या कामात यावेत, हा माझ्या मते शुभशकुन आहे. पण चित्रपटाला कोट्यवधी लागतात आणि त्यासाठी भाषा बदलावी लागते, हे ‘मुंज्या’ने दाखवून दिलं. पुस्तकाला कागद पुरतो.

म्हणून संपादकांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या दिवाळीत तुमच्या अंकाची चाळीस पानं बारा ते सतरा वयाच्या वाचकासाठी राखून ठेवा आणि तुमच्याकडच्या सर्वांत चांगल्या कथाकाराला आतापासूनच सांगून ठेवा, की जादू हवी, हसू हवं, आणि गोष्ट आजच्या एखाद्या खऱ्या गावात घडायला हवी. पेण, रोहा, कर्जत, चंदगड, गडहिंग्लज, काणकोण, कुठलंही चालेल. लेखकांना एवढंच सांगतो की गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसा. गिऱ्ह्याच्या, चकव्याच्या, मुंजाच्या गोष्टी त्यांच्याकडे अजून आहेत, आणि त्या माणसांची संख्या दर पावसाळ्यागणिक कमी होते आहे.